इगतपुरीचा घाट, गीतांजली एक्स्प्रेस आणि रेल्वेमंत्री मधु दंडवते

मुंबईहून मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने सुमारे १३७ किलोमीटर अंतर कापल्यावर, सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरी हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव लागते. त्याआधी कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतचा सुमारे चौदा किलोमीटरचा टप्पा म्हणजे थळ घाट, प्रवाशांच्या तोंडी रुळलेला कसारा घाट. एवढ्या अंतरात गाडीला सुमारे तीनशे मीटर उंची चढावी लागते. चढ ३७ मीटरमागे एक मीटर इतका तीव्र असल्यामुळे कसाऱ्याला गाडीच्या मागे 'बँकर' इंजिने जोडतात आणि ती गाडी वर ढकलत नेतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हा घाटमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला केला. तेव्हापासून इगतपुरी हे रेल्वेचे गाव झाले. १९३० च्या सुमारास मुंबईकडून आलेली डीसी विद्युत वाहिनी येथे संपली. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस भुसावळच्या बाजूने एसी प्रवाहाची वाहिनी आली, आणि दोन निराळ्या प्रवाहांची गाठ इगतपुरीत पडली. उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला येथे थांबून इंजिन बदलणे अनिवार्य झाले. मंत्रालयातील कागदावर झालेला कोणताही निर्णय रुळांवर कसा उतरतो हे पाहण्यास इगतपुरीसारखे ठिकाण नाही. प्रत्येक गाडी तेथे काही मिनिटे तरी लोकांच्या डोळ्यांसमोर उभी राहत असे.

२६ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झालेली हावडा–मुंबई गीतांजली एक्स्प्रेस याच घाटातून धावू लागली. रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचे नाव मिरवणाऱ्या या लांब पल्ल्याच्या जलद गाडीत पहिला वर्ग नव्हता. सर्व प्रवाशांसाठी एकच वर्ग, अशी ती 'वर्गविहीन' गाडी होती. तिच्यामागे ज्या रेल्वेमंत्र्यांची कल्पना होती, ते प्रा. मधु दंडवते त्या वेळी मंत्रिपदावर येऊन अवघे नऊ महिने झाले होते.

प्राध्यापक ते संसदपटू

मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर त्यांनी मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन केले. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात ते सहभागी होते. गोवामुक्तीसाठी १९५५ मध्ये झालेल्या सत्याग्रहातील एका तुकडीचे त्यांनी नेतृत्व केले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही त्यांचा वाटा होता. १९७० मध्ये ते महाराष्ट्र विधान परिषदेवर आले आणि पुढच्याच वर्षी लोकसभेत गेले.

तो मतदारसंघ कोकणातील राजापूर. जानेवारी १९७१ मध्ये बॅ. नाथ पै यांचे अकाली निधन झाले होते. उत्तम वक्तृत्व आणि संसदीय नियमांची बारीक जाण यांसाठी ख्यात असलेल्या नाथ पै यांच्या जागी उभे राहणे सोपे नव्हते. गोलकनाथ खटल्यातील निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित व्हावा म्हणून १९६७ मध्ये नाथ पै यांनी खासगी विधेयक मांडले होते, आणि देशभर त्याची चर्चा झाली होती. दंडवते यांनी हा वारसा निभावला. १९७१ च्या इंदिरा लाटेत प्रजासमाजवादी पक्षाचे देशभरात दोनच उमेदवार निवडून आले, त्यांपैकी एक दंडवते होते. राजापूरने त्यांना १९७१ पासून सलग पाच वेळा लोकसभेत पाठविले. १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेतही त्यांची जागा कायम राहिली.

दोन सदस्यांच्या पक्षाच्या खासदाराला सभागृहात बोलण्यासाठी मिळणारा वेळ मिनिटांत मोजावा लागतो. अशा सदस्याचे सामर्थ्य संख्येतून येत नाही, ते नियमावलीतून येते. लोकसभेच्या कामकाज नियमावलीत अशा सदस्यासाठी बरीच दारे आहेत. तारांकित प्रश्न आणि त्यावरचे पुरवणी प्रश्न, उत्तर अपुरे वाटल्यास नियम ५५ खालील अर्ध्या तासाची चर्चा, नियम ५६ खालील तहकुबी प्रस्ताव, नियम १९३ खालील अल्पकालीन चर्चा, नियम १९७ खालील लक्षवेधी सूचना. यांपैकी लक्षवेधी सूचना भारतीय संसदेने १९५४ मध्ये स्वतः घडविलेले साधन आहे. दंडवते या साधनांचा वापर शिक्षकाच्या पद्धतीने करीत. आधी वस्तुस्थिती मांडायची, मग नियम दाखवायचा आणि शेवटी मंत्र्याला 'होय' की 'नाही' असे विचारायचे. आवाज चढविण्याची त्यांना क्वचितच गरज पडे.

बंगळूरची बैठक

संसदेच्या कामकाजावरील त्यांच्या निष्ठेची एक विचित्र परीक्षा जून १९७५ मध्ये झाली. पक्षांतरास आळा घालण्यासाठी १९७३ मध्ये मांडलेले घटनादुरुस्ती विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले होते. त्या समितीच्या कामासाठी दंडवते बंगळूरला होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही तेथे होते. २५ जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी या चौघांना अटक झाली. विधेयकावर कलमवार विचार करण्यासाठी गेलेले सदस्य बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात पोहोचले. प्रमिला दंडवते यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९७७ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते विधेयकही व्यपगत झाले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आला, तेव्हा दंडवते विरोधी बाकावर होते.

आणीबाणीत संसदेचे दरवाजे बंद झाले नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. अधिवेशने भरत होती, विधेयके मंजूर होत होती. मात्र १९७५ च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित ठेवण्यात आला. संसदेतील कामकाज छापणाऱ्या वृत्तपत्रांना संरक्षण देणारा १९५६ चा, फिरोज गांधी यांच्या प्रयत्नातून झालेला कायदाही रद्द झाला. सभागृह चालू, पण मंत्र्याला विचारता येत नाही आणि विचारलेले छापता येत नाही, अशी ती अवस्था होती. जनता सरकारने १९७७ मध्ये हे संरक्षण पुन्हा कायद्याने दिले आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याला राज्यघटनेत स्थान मिळाले. प्रश्न विचारण्याचा हक्क गमावलेला खासदार आता प्रश्नांना उत्तरे देणारा मंत्री झाला होता.

मंत्रिपद : मार्च १९७७ ते जुलै १९७९

मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात दंडवते यांच्याकडे रेल्वे खाते आले ते आर्थिक वर्ष संपण्यास काही दिवस उरले असताना. त्यामुळे त्यांचे पहिले काम अंतरिम अर्थसंकल्प मांडण्याचे होते. नव्या लोकसभेला सर्व मागण्या तपासण्यास वेळ नसतो, म्हणून काही महिन्यांच्या खर्चापुरते लेखानुदान घेतले जाते. पूर्ण रेल्वे अर्थसंकल्प त्यांनी जूनमध्ये मांडला.

रेल्वेचा अर्थसंकल्प स्वतंत्र मांडण्याची पद्धत ब्रिटिश काळातली. अॅकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ मध्ये रेल्वेची जमाखर्चाची वही सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळी करण्यात आली. रेल्वेने सरकारच्या भांडवलावर किती लाभांश द्यावा, हे संसदेची रेल्वे अभिसमय समिती सुचवी. वेगळ्या अर्थसंकल्पाचा संसदीय अर्थ असा होता की रेल्वेवर चर्चेसाठी दरवर्षी स्वतंत्र दिवस मिळत. कोणत्याही पक्षाचा, कोणत्याही प्रांताचा सदस्य त्या दिवशी आपल्या स्थानकाचे नाव सभागृहात घेऊ शके. कपात प्रस्तावांचे तीन प्रकारही याच वेळी कामी येत. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याचा प्रस्ताव, काटकसर सुचवायची असेल तर ठरावीक रक्कम कमी करण्याचा, आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर मागणीतून शंभर रुपये कमी करण्याचा. शंभर रुपयांच्या या कपातीला व्यवहारात काही किंमत नसते. तरीही इगतपुरी-मनमाडच्या खलाशाची किंवा कसाऱ्याहून रोज मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्याची तक्रार संसदेच्या इतिवृत्तात नोंदविण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होता. विरोधी बाकावर असताना असे प्रस्ताव हाताळलेल्या दंडवते यांना त्यांना उत्तर देताना सदस्याच्या तक्रारीचे वजन माहीत होते.

त्यांच्यापुढील सर्वांत नाजूक प्रश्न मागील संपाचा होता. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेला देशव्यापी रेल्वे संप वीस दिवस चालून २७ मे रोजी मागे घेण्यात आला. जॉर्ज फर्नांडिस यांनी त्याचे नेतृत्व केले होते. संप मोडताना हजारोंना अटक झाली. अनेकांना शिस्तविषयक नियमांतील, चौकशीविना बडतर्फ करण्याची मुभा देणाऱ्या तरतुदीखाली कामावरून काढण्यात आले, तर इतरांच्या सेवेत खंड पाडण्यात आला. सेवेतील खंड हा कागदावरचा लहानसा शब्द आहे. पण त्याने ज्येष्ठता जाते, बढती लांबते आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब बिघडतो. ज्या गावात घर रेल्वेचे, दवाखाना रेल्वेचा आणि पगारही रेल्वेचाच, तेथे बडतर्फ होणे म्हणजे एकाच वेळी नोकरी, क्वार्टर आणि शेजार गमावणे होते. इगतपुरी, मनमाड, भुसावळ ही अशीच गावे. ड्रायव्हर, गार्ड, पॉइंट्समन, गँगमन, खलाशी यांच्या वसाहतींभोवतीच तेथील बाजार वाढला.

दंडवते यांनी मंत्री होताच संपात बडतर्फ झालेल्यांना कामावर परत घेण्याचा निर्णय घेतला. त्यांचेच मंत्रिमंडळातील सहकारी फर्नांडिस हे संपाचे नेते, त्यामुळे हा निर्णय राजकीय परतफेड म्हणून पाहणारे तेव्हाही होते. हा आक्षेप सर्वस्वी गैरलागू म्हणता येणार नाही. पण चौकशीविना गेलेली नोकरी परत देणे आणि गैरवर्तन माफ करणे यांत फरक आहे, आणि संपकऱ्यांपैकी बहुसंख्यांचा 'गुन्हा' कामावर न येणे एवढाच होता. रेल्वे प्रशासनातील अधिकारी आणि परतलेले कामगार यांना पुन्हा एकाच यार्डात काम करायचे होते. तो ताण मंत्र्यांच्या एका आदेशाने संपणारा नव्हता.

दोन इंचांचा निर्णय

लोकांच्या स्मरणात मात्र दंडवते राहिले ते एका अगदी साध्या गोष्टीमुळे. १९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला होता. प्रत्यक्षात डब्यावरचा आकडा बदलला, आतली लाकडी फळी तशीच राहिली. दुसऱ्या वर्गाचा प्रवासी दोन-दोन रात्री त्या उघड्या फळीवर झोपून हावड्याला किंवा गोरखपूरला जाई. दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानांतील बर्थना दोन इंच जाडीच्या फोमची गादी बसविण्याचे ठरविले. पहिला वर्ग खाली आणण्यापेक्षा दुसरा वर्ग वर उचलावा, ही त्यांची भूमिका होती. समाजवाद्याने मांडलेली ही सूत्ररचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. समतेच्या नावाखाली कोणाची सोय काढून घेण्याचा मोह त्यांनी टाळला. गीतांजली एक्स्प्रेसमध्ये ही गादी आली, आणि सत्तरचे दशक संपेपर्यंत प्रमुख मार्गांवरील गाड्यांत ती दिसू लागली. पुढे प्रत्येक सरकारने ती कायम ठेवली. कोणाला ती काढण्याचे धाडस झाले नाही, असेही म्हणता येईल.

गादीचा खर्च किती, त्यातून उत्पन्न किती, असा हिशेब त्या वेळी खात्यात मांडला गेला नसेल असे नाही. पण रेल्वेच्या इतिहासात पूल, बोगदे, इंजिने यांच्या नोंदी पानोपानी आढळतात. प्रवाशाच्या पाठीची नोंद फार थोड्या ठिकाणी आहे. १८६५ साली थळ घाट फोडणाऱ्या अभियंत्यांनी एहेगावच्या उंच पुलाची मापे काटेकोर नोंदविली, परंतु त्या पुलावरून जाणाऱ्या खालच्या वर्गाच्या प्रवाशाने बसायचे कसे, हा प्रश्न कंपनीला आणि नंतर सरकारलाही दीर्घकाळ दुय्यम वाटला.

सुरक्षिततेच्या बाबतीत त्यांच्या काळाची ठळक नोंद म्हणजे १९७८ ची रेल्वे अपघात चौकशी समिती. सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश एस. एम. सिक्री हे तिचे अध्यक्ष होते. १९६२ ची कुंझरू समिती आणि १९६८ ची वांछू समिती यांच्या मालिकेतील ही पुढची समिती. अपघातानंतर मंत्र्याने राजीनामा द्यावा, ही मागणी नोव्हेंबर १९५६ मधील अरियालूर अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी पद सोडल्यापासून प्रत्येक रेल्वेमंत्र्यापुढे उभी राहत आली आहे. राजीनाम्याने नैतिक जबाबदारी दिसते. समितीच्या शिफारशी लागू करण्यास मात्र कोणीतरी खुर्चीत राहावे लागते, आणि तेथेच बहुतेक सरकारे कमी पडली.

कोकणचा मार्ग

राजापूरच्या मतदारांना आपल्या खासदाराकडून एकच गोष्ट हवी होती : कोकणात रेल्वे. अ. ब. वालावलकर यांच्यासारख्यांनी अनेक वर्षे तिचा पाठपुरावा केला होता, आणि नाथ पै यांनीही संसदेत ती मागणी लावून धरली होती. दिवा–पनवेल मार्ग १९६४ मध्ये आणि पनवेल–आपटा १९६६ मध्ये झाला, पण त्यापुढे रूळ सरकत नव्हते. दंडवते मंत्री असताना १९७८ मध्ये आपटा–रोहे मार्गाचे काम सुरू झाले. ते पूर्ण होण्यास १९८६ साल उजाडले. मंत्र्याने आपल्या मतदारसंघाला झुकते माप दिले, अशी टीका या टप्प्यावर करणे कठीण होते, कारण रोहे हे राजापूर मतदारसंघापासून बरेच दूर होते.

खरा निर्णय झाला तो दंडवते रेल्वेमंत्री नसताना. १९८९ च्या अखेरीस विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात ते अर्थमंत्री झाले, फर्नांडिस यांच्याकडे रेल्वे आली आणि कर्नाटकचे रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पैसा, खाते आणि योजना या तिन्ही जागी या मार्गाबद्दल आस्था असलेली माणसे एकाच वेळी आली, हा योग पुन्हा येणारा नव्हता. रेल्वेच्या नेहमीच्या तरतुदीतून हा मार्ग झाला असता तर आणखी काही दशके गेली असती. म्हणून स्वतंत्र महामंडळ स्थापण्याचा मार्ग निवडला गेला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला पैसा बाजारातून रोख्यांद्वारे उभारण्यात आला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहे ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा, ९२ बोगद्यांचा हा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये सलग सुरू झाला.

थळ घाट आणि कोकण रेल्वे यांच्यात सव्वाशे वर्षांहून अधिक अंतर आहे. दोन्ही सह्याद्रीशी झुंजून बांधलेले. पहिला मार्ग वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी परकीय कंपनीने बांधला. दुसऱ्यामागे मुंबईच्या गिरण्यांत आयुष्य घालविणाऱ्या कोकणी माणसाची गावी जाण्याची ओढ होती. ती ओढ लोकसभेच्या चर्चांतून सतत व्यक्त होत राहिली नसती, तर मार्ग झाला असता का, हे सांगणे अवघड आहे.

स्वतंत्र अर्थसंकल्पाचा शेवट

दंडवते १९९१ मध्ये राजापुरातून पराभूत झाले. १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहदान करण्यात आले. ज्या संसदीय पद्धतीत त्यांनी रेल्वेमंत्री म्हणून काम केले, ती नंतर हळूहळू बदलली. १९९३ पासून खात्यांच्या मागण्या विभागनिहाय स्थायी समित्यांकडे जाऊ लागल्या. तपासणी अधिक बारकाईने होऊ लागली, पण ती सभागृहाबाहेर, बंद दाराआड. पुष्कळ मागण्या चर्चेविनाच एकदम मतास टाकल्या जातात, याला संसदेच्या परिभाषेत 'गिलोटिन' म्हणतात.

स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प अखेरचा मांडला गेला तो २५ फेब्रुवारी २०१६ रोजी. तो मांडणारे सुरेश प्रभू हे एके काळी राजापूरचेच खासदार होते, ही नोंद घेण्याजोगी बाब. त्या वर्षी ते राज्यसभेचे सदस्य होते, आणि राजापूर मतदारसंघही २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला होता. बिबेक देबरॉय यांच्या समितीच्या शिफारशीनंतर सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने विलीनीकरणास मान्यता दिली आणि २०१७-१८ पासून रेल्वेचा जमाखर्च सर्वसाधारण अर्थसंकल्पात आला. त्यामागील आर्थिक कारणे पटण्यासारखी आहेत. रेल्वेवरील लाभांशाचे ओझे गेले, आणि दरवर्षी मतदारसंघनिहाय गाड्यांच्या घोषणा करण्याची चढाओढही थांबली. मात्र एखाद्या लहान स्थानकाचे नाव सभागृहात घेण्याचा ठरलेला दिवस त्याबरोबरच गेला. मागण्यांवरील चर्चा होते तेव्हा ती होते, पण तिचा पूर्वीचा मान राहिलेला नाही.

इगतपुरीतील इंजिन बदलण्याची गरजही उरली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली आणि त्यानंतर मुंबईकडील डीसी वाहिनी टप्प्याटप्प्याने बदलण्यात आली. गीतांजली एक्स्प्रेसला पुढे वातानुकूलित डबे जोडले गेले आणि ती वर्गविहीन राहिली नाही. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानांतील गादी मात्र टिकली आहे, आणि कसाऱ्याला गाडीमागे बँकर लावण्याची प्रथाही.